पागेतील उमेदवारी

वैद्यकीय महाविद्यालयात असताना आम्हा विद्यार्थ्यांत एक विनोद प्रचलित होता. खरे डॉक्टर दोनच. एक बालरोगतज्ज्ञ आणि दुसरा पशुवैद्य. बाकीच्यांना काय होते आहे ते रुग्ण स्वतःच सांगतो! पुढे एम. डी. करून पंचवीस वर्षांहून अधिक काळ इंदूरमध्ये लहान मुलांना तपासल्यावर या विनोदात केवढे तथ्य आहे ते कळले. आणि वयाच्या पन्नाशीनंतर चार पायांच्या मुक्या रुग्णाशी परिचय होण्याचा योगही आला. गेली तीन वर्षे दर रविवारी सकाळी मी शहराबाहेरच्या एका लहानशा अश्वशाळेत घोड्यांचे मालिश आणि त्यांची सर्वांगीण निगा यांचे धडे घेत आहे. संपादक मंडळाने 'व्यवसायाबाहेरचे काही लिहा' असा आग्रह केला, तेव्हा हाच विषय प्रथम सुचला.

निमित्त घडले ते माझ्या एका बालरुग्णामुळे. सात वर्षांची मुलगी. सेरेब्रल पाल्सीमुळे पायांचे स्नायू ताठर. फिजिओथेरपीला जोड म्हणून तिला घोड्यावर बसवावे असे तिच्या आईवडिलांच्या मनात आले आणि त्यांनी माझे मत विचारले. घोडा चालतो तेव्हा त्याच्या पाठीची लयबद्ध हालचाल स्वाराच्या कटिभागाला जवळजवळ माणसाच्या चालण्यासारखीच गती देते आणि बसलेल्या मुलाला तोल सावरण्याचा सराव घडतो, हे या उपचाराचे तत्त्व. पोलिओमुळे गुडघ्याखालची शक्ती गमावलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणाच्या ड्रेसाज प्रकारात रौप्यपदक मिळवले होते, हेही आठवले. पण मत देण्यापूर्वी मी घोडी पाहायला गेले. मूल ज्या पाठीवर बसणार ती पाठ निरोगी आहे का, एवढाच माझा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधता शोधता मी तिथली विद्यार्थिनी झाले.

मला गुरू दोन लाभले. एक निवृत्त पशुवैद्य आणि दुसरे सत्तरी गाठलेले सईस, ज्यांचे उभे आयुष्य शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांत गेले. मी त्यांना चाचा म्हणते, ते मला बाईजी. पहिल्यांनी शरीररचना शिकवली, दुसऱ्यांनी हात घडवला.

जुनी विद्या

घोड्याचे मालिश म्हटले की अनेकांना ते परदेशी फॅड वाटते. वस्तुतः ही विद्या आपल्या मातीत फार जुनी आहे. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य म्हणून परंपरेने शालिहोत्राचे नाव घेतले जाते आणि घोड्यांच्या वैद्याला 'सालोत्री' म्हणतात तो शब्द त्याच्याच नावावरून आला. नकुलाच्या नावावर 'अश्वचिकित्सित' आहे, जयदत्ताचे 'अश्ववैद्यक' आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त तर अश्वाध्यक्षावर स्वतंत्र अध्याय आहे. घोड्याला दिवसातून दोनदा स्नान घालावे, आश्विनाच्या नवव्या दिवशी त्याची ओवाळणी करावी, असे त्यात सांगितले आहे. दसऱ्याला घोड्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालणाऱ्या आपल्या होळकरी मुलखाला ही ओवाळणी परकी वाटू नये. त्याच अध्यायातील आणखी एक नियम मी माझ्या व्यवसायबंधूंना आवर्जून सांगते. वैद्याच्या हलगर्जीपणामुळे घोड्याचा आजार बळावला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि परिणाम अगदीच उलटा झाला तर जनावराची पूर्ण किंमत! ग्राहक संरक्षण कायद्याच्या नावाने उसासे टाकणाऱ्या आपल्या पिढीने यातून काय तो दिलासा घ्यावा.

मराठ्यांच्या पागांमध्ये मोतद्दाराच्या कामात दाणावैरणीइतकेच महत्त्व खराऱ्याला होते. खराऱ्याने धूळ आणि मेलेले केस निघतात, हे तर खरेच; पण रोज सकाळ-संध्याकाळ घोड्याच्या सर्वांगावरून माणसाचा हात फिरतो, हा त्याचा मोठा लाभ. मजल मारून आलेल्या घोड्याचे खोगीर उतरवल्यावर वाळल्या गवताची घट्ट वळलेली पेंडी घेऊन त्याची पाठ आणि पुठ्ठे चोळायचे, हे चाचांनी त्यांच्या वडिलांकडून शिकलेले.

पाश्चात्त्य जगात या विद्येला आधुनिक रूप मिळाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. खेळाडूंचे मालिश करणारे अमेरिकेचे जॅक मेगर यांनी तेच तंत्र घोड्यांवर वापरले आणि १९८५ साली घोड्यांच्या स्नायूंच्या दुखापतींवर पुस्तक लिहिले. लिंडा टेलिंग्टन-जोन्स यांनी १९७० च्या दशकात मोशे फेल्डनक्राइस यांच्याकडे शिक्षण घेतले आणि त्या आधारावर बोटांच्या लहान वर्तुळाकार स्पर्शांची स्वतःची पद्धत बसवली. नावे निराळी असली तरी पहिला धडा सगळीकडे एकच असावा: आधी हाताने वाचायला शिका.

हात काय वाचतो

पहिला महिनाभर मला मालिश करू दिले गेले नाही. घोड्याजवळ जावे कसे, हेच शिकण्यात तो गेला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला भोवतालचे जवळजवळ सारे दिसते. फक्त कपाळाच्या नेमके समोरचे आणि शेपटीच्या मागचे तेवढे दिसत नाही. म्हणून जायचे ते खांद्याच्या रोखाने, हळू आवाजात बोलत, आणि एक हात अंगावर ठेवला की तो काम संपेपर्यंत उचलायचा नाही. मग जबड्याच्या कडेखालची नाडी शोधायची. नवजात बाळाच्या मिनिटाला १२० ते १६० ठोक्यांची सवय असलेल्या माझ्या बोटांना घोड्याची २८ ते ४४ ची संथ नाडी प्रथम सापडेचना. श्वास मिनिटाला ८ ते १६, तापमान साधारण ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सियस. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हे शेवटचे ऐकल्यावर मात्र मला अगदी घरी आल्यासारखे वाटले.

शरीररचनेतही नवलाच्या गोष्टी होत्या. आपल्याला असते ते क्लॅव्हिकल घोड्याला नसते. त्याचे पुढचे पाय धडाशी हाडाच्या सांध्याने जोडलेले नसून स्नायूंच्या भक्कम झोळीने जोडलेले असतात. शिवाय उभ्या घोड्याच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भार पुढच्या पायांवर असतो. त्यामुळे खांदा, छाती आणि आयाळ संपते तिथला पाठीचा उंचवटा हा भाग सतत ताणलेला राहतो. उलट पुढच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या कोपराखाली मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. तिथे कंडरा आणि अस्थिबंध. पाठीवर तळहाताने जो दाब द्यायचा तो तिथे चालत नाही.

तंत्र फिजिओथेरपीच्या परिचयाचेच. आधी सावकाश लांब हात फिरवून त्वचा उबदार करायची, मग स्नायू मळायचा, मग गाठ लागेल तिथे बोटांनी स्थिर दाब देऊन थांबायचे, आणि शेवटी पुन्हा लांब हात. माझी बोटे अर्ध्या तासात दुखू लागली तेव्हा चाचा म्हणाले, "जोर नहीं बाईजी, वजन." मनगटाची ताकद न लावता पाय किंचित फाकून उभे राहायचे आणि आपल्या शरीराचा भार तळव्यातून हलकेच उतरवायचा. फार हळू स्पर्शही उपयोगाचा नाही. घोड्याच्या कातडीखाली एक पातळ स्नायू पसरलेला असतो, माशी बसली तरी तो थरथरतो. बोटांच्या टोकांनी केलेल्या गुदगुल्यांना घोडा माशीसारखाच झटकतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मालिशाचे संशोधनही नेमके हेच सांगते, की नुसत्या हलक्या कुरवाळण्यापेक्षा मध्यम दाबाचा स्पर्श गुणकारी ठरतो.

स्नायू सैलावू लागला की घोड्याची मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो, पापण्या अर्ध्या मिटतात, कधी मोठी जांभई येते. पाचशे किलोचे ते धूड अशा वेळी आपल्या खांद्यावर हनुवटी टेकू पाहते. उन्हाळ्यातल्या ओपीडीनंतर माणसाचाही शीण जावा, असा तो क्षण असतो.

चेहऱ्यावरची वेदना

सैलावणे ओळखणे सोपे. दुखणे ओळखणे कठीण. घोडा हा मूळचा कळपात राहणारा आणि शिकार होणारा प्राणी. दुखणे दाखवणारा पहिला बळी ठरतो, म्हणून तो ते लपवतो. २०१४ साली युरोपीय संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक श्रेणी प्रसिद्ध केली. मागे ताठ वळलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्यावरच्या भागातला ताण, जबड्याचे ताठरलेले स्नायू, आवळलेले तोंड आणि पुढे आलेली हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या अशी ही सहा लक्षणे. ती वाचताना मला आपल्याच शास्त्रातली नवजातांची वेदनाश्रेणी आठवली. आक्रसलेल्या भुवया, घट्ट मिटलेले डोळे आणि नाकालगतची खोल घडी पाहून बाळाची वेदना मोजण्याची ती पद्धत १९८७ मध्ये मांडली गेली.

आणि १९८७ म्हटले की इंदूरकर डॉक्टरांना अभिमान वाटावा असे एक नाव आठवते. आपल्याच महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. कंवलजीत आनंद ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेले. नवजात बाळांना वेदना फारशी जाणवत नाही अशा समजुतीमुळे त्या काळी अनेक बाळांच्या शस्त्रक्रिया अत्यल्प भूल देऊन होत असत. पुरेशी वेदनाशामक भूल दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कितीतरी कमी पडतो, हे आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली 'लॅन्सेट'मधून दाखवून दिले आणि जगभरची रीत बदलू लागली. मुक्या रुग्णाच्या बाबतीत 'तो तक्रार करत नाही' याचा अर्थ 'त्याला दुखत नाही' असा लावण्याची सवय माणसाला फार पूर्वीपासून आहे. घोड्याच्या बाबतीत तिचे रूप थोडे वेगळे असते. तो शेवटी तक्रार करतो तेव्हा आपण त्याला खोडकर ठरवतो.

चांदणीची पाठ

आमच्या अश्वशाळेतली चांदणी ही अकरा वर्षांची पांढरी घोडी. पूर्वी ती वरातीत उभी राहत असे. बँडच्या दणदणाटाची सवय असल्याने मुलांसाठी निवडलेली. वर सांगितलेली माझी छोटी रुग्ण तिच्याच पाठीवर बसत असे. गतवर्षी पावसाळा सरल्यावर चांदणी बदलली. तंग आवळताना कान मागे टाकू लागली, हवेत दात मारू लागली. एके दिवशी मुलीला वर बसवत असतानाच ती एकदम बाजूला सरकली. दोन्हीकडे धरणारी माणसे होती म्हणून मूल पडले नाही. पण मालक धास्तावले, आणि ते स्वाभाविकच होते. "घोडी बिघडली, विकून टाकू," असे बोलणे सुरू झाले. त्या वयाच्या घोडीला गिऱ्हाईक कुठले मिळते हे सर्वांना ठाऊक होते. वीटभट्टीचा गाडा!

त्या रविवारी मी तिच्या अंगावरून हात फिरवला. उजवी बाजू नेहमीसारखी. डाव्या बाजूला, आयाळ संपते त्याच्या किंचित मागे, तळहाताएवढी जागा भोवतालपेक्षा उबदार आणि लाकडासारखी कठीण लागली. थोडासा दाब देताच तिने पाठ खाली दाबली, पापणी आवळली, नाकपुडी ताणली. मी काही न बोलता चाचांना बोलावले. त्यांनी डोळे मिटून मानेपासून हात फिरवला आणि त्याच जागी थांबले. मालिश तिथेच थांबवून आम्ही पशुवैद्यांना फोन केला.

त्यांनी घोडी तपासली, चालवून पाहिली आणि मग खोगीर मागवून उलटे केले. डाव्या बाजूचे भरण ओलसर हवेने गोळा होऊन गाठाळले होते. शिवाय लाकडी सांगाडाही एका बाजूला खचला होता. स्वार बसला की सारा भार त्या तळहाताएवढ्या जागेवर येत होता. चांदणीच्या स्वभावात काहीच बिघडले नव्हते. मुलीला बसवण्याच्या क्षणी बाजूला सरकण्याखेरीज तिला आपले म्हणणे मांडायला दुसरी भाषाच नव्हती.

सहा आठवडे तिच्या पाठीवर काही ठेवले नाही. लगाम धरून रोज फिरवणे, पशुवैद्यांचे औषध, आणि सूज उतरल्यावर त्यांच्या परवानगीने हलके मालिश. दरम्यान खोगीर कारागिराकडून नव्याने बांधून आले. सातव्या आठवड्यात आधी रिकामे खोगीर, मग तरुण सईस आणि मगच मूल, अशा क्रमाने तिची परीक्षा झाली. आता तिथे एक नियमच झाला आहे. खोगीर चढवण्यापूर्वी पाठीवरून दोन्ही हात फिरल्याशिवाय घोडा बाहेर काढायचा नाही. माझी छोटी रुग्णही बसण्याआधी चांदणीच्या मानेवर तळवा ठेवते आणि तिचे कान बघते.

श्रेय आणि मर्यादा

चांदणी मालिशाने बरी झाली असे मी म्हणणार नाही. खोगीर बदलले, विश्रांती मिळाली, म्हणून ती बरी झाली. दुखरी जागा वेळेवर सापडली, एवढे श्रेय हाताचे. हा विवेक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण 'होलिस्टिक' या गोंडस शब्दाखाली आज घोड्यांच्याही नावावर वाटेल ते खपवले जाते.

शास्त्रीय पुरावा काय आहे? घोडे एकमेकांची मान आणि पाठीचा उंचवटा दातांनी खाजवतात, हे आपण पाहतो. १९९३ साली फ्रान्समधील कामार्ग जातीच्या घोड्यांवरच्या अभ्यासात, माणसाने त्याच आवडत्या जागी खाजवले तरी हृदयाचे ठोके मंदावतात, असे दिसले. २००४ मध्ये १० घोड्यांच्या प्राथमिक अभ्यासात मानेचा मध्य, पाठीचा उंचवटा आणि पुठ्ठा इथल्या मालिशाचा परिणाम सर्वांत अधिक आढळला. म्हणजे ताण कमी होतो, हे बऱ्यापैकी दिसते. परंतु दुखापती बऱ्या होतात का, शर्यतीतला वेग वाढतो का, यावरचे अभ्यास थोडे आणि कमीअधिक दर्जाचे आहेत, असाच निष्कर्ष २०२२ मध्ये स्वीडिश संशोधकांनी घेतलेल्या आढाव्यातून निघाला. बाळांच्या मालिशाचा पुरावा त्या मानाने बळकट आहे. टिफनी फील्ड यांच्या १९८६ च्या अभ्यासात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दहा दिवस रोज तीनदा पंधरा मिनिटे स्पर्श आणि हातापायांची हालचाल दिली असता त्यांची दररोजची वजनवाढ ४७ टक्क्यांनी अधिक झाली. पण तिथेही दूध, ऊब आणि जंतुसंसर्गापासून बचाव यांची जागा मालिश घेत नाही.

म्हणून काही गोष्टी चाचांनी पहिल्याच दिवशी बजावल्या होत्या. ताप, उघडी जखम, ताजी सूज, लंगडणे यांपैकी काही असेल तर हात आवरायचा. घोडा वारंवार कुशीकडे वळून पाहतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही, तर तो पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे तासातासाला महत्त्व असते. तिथे मालिश करत बसणे हा अपराध. शिवाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार जनावरांवर औषधोपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यांचाच आहे. माझी एम. डी. पागेच्या दाराशी संपते, आणि ते योग्यच आहे.

सर्वांगीण निगा म्हणजे प्रत्यक्षात फार साध्या गोष्टी आहेत. घोड्याचे जठर लहान. त्याला दिवसभर थोडा थोडा चारा हवा, दोन वेळच्या भरगच्च चंदीने तो आजारी पडतो. नाल वेळेवर बदलावी, दाढांच्या धारदार कडा पशुवैद्यांकडून घासून घ्याव्यात, सोबतीला दुसरा घोडा असावा, पाणी स्वच्छ असावे. आणि धनुर्वाताची लस चुकवू नये. घोडा या रोगाला विलक्षण बळी पडतो. पण याच घोड्याच्या रक्तातील सीरमने घटसर्प आणि धनुर्वात झालेली असंख्य मुले वाचवली. सीरम उपचाराच्या कार्यासाठी १९०१ साली बेहरिंग यांना वैद्यकातले पहिले नोबेल मिळाले. सर्पदंशावरचे प्रतिविष तर आजही आपल्या देशात घोड्यांच्याच रक्तापासून तयार होते. आपण बालरोगतज्ज्ञांनी घोड्याची वेदना समजून घेणे ही थोडीशी ऋणफेडच आहे.

या उमेदवारीने माझ्या ओपीडीत काय बदलले, असे मित्र विचारतात. तपासण्या मी पूर्वीप्रमाणेच करून घेते. सोनोग्राफीचे महत्त्व चाचांच्या हाताने कमी होत नाही. पण बाळाच्या पोटावर हात ठेवल्यावर तो उचलण्याची घाई मी आता करत नाही. दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची ठरली. आपल्या घरांतून बाळ-बाळंतिणीला तेल लावणाऱ्या बाई येतात. नाकाकानात तेल घालू नका, एवढे सांगून आपण त्यांना वाटेला लावतो. मी आता त्यांना एक प्रश्न विचारते: "मावशी, नेमका कुठे हात लागला की बाळ रडते?" या प्रश्नाच्या उत्तरातून एकदा प्रसूतीच्या वेळी मोडलेले क्लॅव्हिकल हाती लागले आणि एकदा नीट न फाकणारा खुबा. ज्या हाताखालून बाळ रोज जाते, त्या हाताला काही माहीत असते. आपण विचारायचे असते.

आपल्या मंडळाच्या सदस्यांपैकी कुणाला रविवारी सकाळी यावेसे वाटल्यास अवश्य यावे. नखे कापलेली असावीत, हातातल्या अंगठ्या घरी ठेवाव्यात आणि मोबाईल बंद असावा. बाकी शुल्क म्हणून एक किलो गाजरे चालतील.